कोल्हापूरच्या जंगल-डोंगरातून सायकलनं फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या बाजूला सायकल घेऊन जाणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी मांडलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं दोनदा दळण नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. अंतरं ढोबळ आहेत. राजारामपुरीतून निघालात की फुलेवाडीतून, यावर चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे होणारच.

१. लांब सायकल कधीच चालवलेली नाही. पहिली फेरी कुठे मारू?

कात्यायनीला. गारगोटी रस्त्याला लागायचं, कळंबा तलाव मागे टाकायचा, की दहाएक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत देऊळ. थोडा चढ लागतो, थोडी झाडी मिळते आणि नऊच्या आत घरी येऊन पोहे खाता येतात. चढ अजिबात नको असेल तर शिवाजी पुलावरून प्रयाग चिखलीला जा. नद्यांचा संगम आहे, दोन्ही बाजूंना ऊस आहे, रस्ता सपाट आहे.

पहिल्याच रविवारी पन्हाळा मात्र नको. "पन्हाळा काय, आपलाच की" म्हणत निघालेली पोरं वाघबीळच्या पुढे सायकल हातात धरून चालताना कायम दिसतात. चालण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्यातली निम्मी पुढच्या रविवारी घरीच बसतात.

२. चढ किती आहेत हे आधी कसं ओळखायचं? मोबाईलवर तर सगळं सपाटच दिसतं.

नकाशावर रस्ता बघायच्या आधी नदी बघा. कोल्हापूरच्या पश्चिमेचा सगळा मुलूख नद्यांनी कापलेला आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सह्याद्रीतून निघून शहराकडे येतात आणि गुप्त मानलेल्या सरस्वतीसह त्यांची पंचगंगा होते. त्यांच्या दक्षिणेला दुधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी. उत्तरेला कडवी आणि वारणा. पंजा पसरून ठेवला तर बोटांच्या मधल्या फटी म्हणजे या नद्यांची खोरी आणि बोटं म्हणजे मधल्या डोंगराच्या सोंडा.

जुने रस्ते खोऱ्यातून गेलेत. नदी उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवून वर वर जात राहिलात तर चढ इतका हळू येतो की जाताना कळतसुद्धा नाही. परतताना सायकल आपोआप पळायला लागते तेव्हा कळतो. खरा चढ लागतो तो एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरायचं असतं तेव्हा. म्हणून एखाद्या मार्गाचे किलोमीटर मोजण्याआधी तो किती सोंडा ओलांडतो ते मोजा. गगनबावडा ५५ किलोमीटर लांब आहे, पण बहुतेक वाट कुंभीच्या खोऱ्यातून जाते, त्यामुळे धीम्या माणसालाही जमतो. जोतिबा १८ किलोमीटरवर आहे आणि चांगल्या चांगल्यांची दमछाक करतो.

खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. सायकल कोणती घ्यावी? काकांची गिअर नसलेली जुनी सायकल आहे, ती चालेल का?

खोऱ्यातल्या रस्त्यांना चालेल. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून गवळी रोज त्याच सायकलीवर शहरात यायचे, हे फार जुनं नाही. पण सोंड ओलांडायची असेल तर गिअर हवेत, आणि पुढची चकती जितकी लहान तितकं बरं. नवी घेणार असाल तर हायब्रीड (रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली) घ्या, टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे. बारीक टायरची रोडबाईक हायवेवर सुंदर पळते, पण धामोडच्या किंवा पाटगावच्या बाजूला डांबर कुठे संपेल याचा नेम नसतो. सस्पेन्शनची जाड एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, इथे बहुतेक वेळा नुसतं ओझं.

४. फिरायला चांगले महिने कुठले?

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगर हिरवे असतात, ओढे वाहते असतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोऱ्यांत धुकं साचतं. लाल दिवा मागे लावल्याशिवाय निघू नका. मार्चपासून अकराच्या आत मुक्कामी पोचायचं ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव येतो, विजा कडाडतात. अशा वेळी माळावर थांबू नका, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. पावसाळ्याचं गणित वेगळं आहे, ते १२ आणि १३ मध्ये.

५. सामान घेऊन एका दिवसात किती जायचं?

खोऱ्यातून ६० ते ८० किलोमीटर. एक सोंड ओलांडायची असेल तर ६०. घाट चढायचा असेल तर ४०-५०, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

६. जोतिबा आणि पन्हाळा एकाच दिवशी होतात का? आधी कुठला?

होतात. आधी जोतिबा. केर्लीतून वर चढायचं, दर्शन घ्यायचं, पलीकडून वाघबीळच्या बाजूला उतरायचं आणि मग पन्हाळा. जोतिबाचा रस्ता सकाळी आठनंतर भाविकांच्या गाड्यांनी भरतो, म्हणून तो आधी. पन्हाळा शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच आहे. चढ लांब पण एकसारखा. श्वास आणि पायडल एका लयीत ठेवले तर न थांबता जमतो. वर झुणका-भाकर, खर्डा, दही. मग घरापर्यंत जवळजवळ उतारच. एकूण ५०च्या आसपास होतात.

दोन गोष्टी सांभाळा. एक, माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. लोक कोल्हापुरातून पहाटे अनवाणी चालत निघतात. त्या रविवारी उतारावर वेग घेऊ नका, किंवा सरळ दुसरा दिवस निवडा. चैत्र यात्रेत तर सायकल नेऊच नका. दुसरं, देवळाजवळ रस्त्यावर गुलाल पडलेला असतो. ओल्या गुलालावर टायर सटकतो, आणि चेनमध्ये गेलेला गुलाल काढताना "चांगभलं" म्हणायची वेळ येते.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तटावर, बुरुजावर सायकल चढवून फोटो काढायची हौस आता तरी आवरा.

७. मसाई पठारावर सायकल जाते का?

जाते, पण डांबर धरून ठेवायचा हट्ट सोडावा लागतो. पन्हाळ्याच्या मागून म्हाळुंगेच्या बाजूनं वाट आहे. वर जांभ्याचं सपाट पठार, मसाईचं देऊळ, आणि कुठेही सावली नाही. जांभा कोरडा असताना टायर पकडून ठेवतो. शेवाळ धरलं की काचेसारखा होतो. पाऊस सरता सरता पठारावर रानफुलं येतात, तेव्हा मळलेल्या वाटेवरूनच चालवा. फुलांच्या गालिच्यात सायकल आडवी पाडून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलेलं छापण्याजोगं राहणार नाही.

महाराजांनी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडे जाताना हाच मुलूख ओलांडला. पावनखिंडीपर्यंत सायकल न्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती पायवाट आहे, ओढे-चिखलाची. पायीच करा.

८. गगनबावडा एका दिवसात जाऊन-येऊन होईल?

११० किलोमीटर होतात. पायांत ७०-८०ची सवय असेल तर होईल. बालिंगे, कळे, असळज असा रस्ता. असळजपुढे झाडी दाटते आणि हवा बदलते. वाटेत पळसंब्याला ओढ्यातल्या प्रचंड दगडांत कोरलेली देवळं आहेत, तेवढा फाटा जरूर घ्या. पाऊस चालू असताना मात्र ओढ्यात उतरू नका. गगनबावड्याच्या पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. "जरा खाली जाऊन येऊ" म्हणून उतरू नका. त्याच दिवशी परत चढायचं असतं हे उतारावर कुणालाच आठवत नाही. मुद्दाम उतरायचंच असेल तर २२ पाहा.

९. राधानगरी आणि दाजीपूरला कसं जायचं? अभयारण्यात सायकलला परवानगी आहे का?

दोन प्रश्न एकत्र येतात, उत्तरं वेगवेगळी.

जायचं भोगावती धरून: हळदी, परिते, राधानगरी. ५० किलोमीटर, सगळं खोरं. राधानगरीत मुक्काम करा आणि संध्याकाळी धरण बघा. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून झालेलं हे धरण. पाण्याचा दाब वाढला की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. दुसऱ्या दिवशी दाजीपूर. हा वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा जिल्ह्यातल्या सगळ्यात सुंदर रस्त्यांपैकी. एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला जंगल, चढउतार सौम्य.

परवानगीचं असं: निपाणी-देवगड रस्ता जंगलातून जातो, तो सार्वजनिक आहे, त्यावरून दिवसा सायकल चालवा. अभयारण्याच्या फाटकाच्या आत वन विभागाची परवानगी लागते. आत गवे आहेत, अस्वलं आहेत, त्यामुळे सायकलला नाही म्हटलं तर वाद घालू नका. जीप आणि वाटाड्या घेऊन फिरा. पावसाळ्यात आतलं पर्यटन बंद असतं. हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ पासूनचं, ३५१ चौरस किलोमीटरचं, आणि ते गव्यांसाठीच राखलेलं आहे.

१०. रस्त्यात गवा आला तर काय करायचं?

थांबायचं. हे एवढंच पहिल्यांदा जमत नाही, कारण पाय पायडलवर असतात आणि डोकं म्हणतं, वेगात निघून जाऊ.

गवा दिसला की ब्रेक हळू दाबा, उतरा, सायकल स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. घंटी नको, शिट्टी नको, फ्लॅश तर नकोच. कळप असेल तर एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे संपलं असं समजू नका. मागून पिल्लं येतात आणि त्यांच्या मागे आई. आई आणि पिल्लाच्या मधे सापडणं हा खरा धोका. एकटा नर असेल तर आणखी लांब थांबा. त्यानं मान खाली घातली, फुरफुरला, पाय आपटला, तर तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. पंधरा मिनिटं जातील, जाऊ देत. मागून एसटी किंवा ट्रक आला तर चालकाला हात करून त्याच्या आडोशानं पुढे निघणं सगळ्यात सुरक्षित.

पहाटे उजाडायच्या आत आणि दिवस कलल्यावर दाजीपूर, आंबा घाट, गगनबावडा या पट्ट्यात सायकलवर नसावं. आणि गवा म्हणजे फक्त दाजीपूर असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवे शहराच्या वेशीपर्यंत आले होते. बघ्यांची गर्दी आणि पाठलाग यानं जनावर बिथरतं, तेव्हा उसात गवा शिरल्याचं कळलं तर तिकडे सायकल वळवू नका. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

११. आणि कुत्री?

गावातल्या कुत्र्यापुढे उतरून चालायला लागा, बहुतेकदा त्याचा उत्साह संपतो. धनगराच्या मेंढरांची राखण करणारी कुत्री वेगळी. ती कामावर असतात. लांबूनच धनगराला हाक मारा, "मामा, कुत्री धरा जरा", आणि तो हात करेपर्यंत थांबा.

१२. पावसाळ्यात जायची खूप इच्छा आहे. जाऊ का?

जून अखेर ते ऑगस्ट पश्चिमेला जाताना रोज सकाळी एक आकडा बघायचा: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पातळी ३५च्या पुढे जाऊन चढतीच असेल तर मी पश्चिमेला निघत नाही. सकाळी कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी पाण्याखाली असतो आणि तुम्ही पलीकडे अडकता. गगनबावडा रस्ता मांडुकली-खोकुर्ल्याकडे बंद होतो. पन्हाळा रस्त्याचं भवितव्य रेडे डोहावर. "रेडे डोह फुटला", म्हणजे पुराचं पाणी तिथून रस्त्यावर आलं, ही बातमी आली की केर्लीकडची वाट संपली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेसुद्धा बंद पडला होता.

वाहत्या पाण्यातून सायकल घालू नका. गुडघाभर पाणी दिसतं, खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय ते दिसत नाही.

मग पावसाळ्यात घरी बसायचं का? नाही, पूर्वेला जायचं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्यात आणि शिरोळकडे त्याच्या कितीतरी कमी. हातकणंगल्याच्या बाजूला आळत्याचं रामलिंग आणि कुंभोजचं बाहुबली, दोन्हीकडे छोटे डोंगर, झाडी आणि जाऊन-येऊन साठच्या घरातलं अंतर. पश्चिमवाले या बाजूला नाक मुरडतात, पण श्रावणात रामलिंगच्या झाडीत एकदा जाऊन बघा.

१३. बंधाऱ्यावरून सायकल नेता येते असं ऐकलंय. खरं का?

खरं, आणि हीच इथल्या सायकलस्वाराची चैन आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीवर दर काही किलोमीटरला आहेत. दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा, त्या खाचांत पाऊस संपल्यावर बरगे (आडव्या फळ्या) बसवतात आणि पाणी अडतं. वर अरुंद स्लॅब. मोटारीला जिथे पुलासाठी लांबचा वळसा पडतो, तिथे सायकल या काठावरून त्या काठाला मिनिटात जाते. नदीच्या एका काठानं जायचं आणि बंधारा ओलांडून दुसऱ्या काठानं परतायचं, अशा डझनभर छान फेऱ्या यातून जमतात.

नियम साधे आहेत. बऱ्याच बंधाऱ्यांना कठडा नाही, म्हणून उतरून चालत जा, विशेषतः कॅरिअरला पिशव्या असतील तर. वारा पिशवीला धरतो. समोरून मोटारसायकल किंवा वैरणीचा भारा घेतलेली बाई येत असेल तर त्यांना आधी येऊ द्या. बरगे काढले की पावसाळा सुरू झाला समजा आणि त्यानंतर बंधारा विसरा. स्लॅबवरून बोटभर पाणी वाहत असलं तरी नाही. पूर ओसरल्यावरही आठवडाभर गाळ आणि अडकलेली झाडं असतात.

१४. ऊसतोडीच्या हंगामात रस्ते कसे असतात?

भरलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखाने चालू असतात आणि नेमका हाच आपलाही हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडताना लक्षात ठेवा की मागची ट्रॉली वळणावर आत येते आणि चालकाला तुम्ही दिसतही नाही, ऐकूही येत नाही. आत टेपवर गाणी असतात. चढावर तो संथ असतो, तेव्हा मागे राहा, धूर खा, पण मधे घुसू नका. अंधार पडल्यावर बैलगाड्या आणि अंगद गाड्या (ट्रॅक्टरमागे जोडलेल्या उसाच्या छोट्या गाड्या) बहुतेक बिनदिव्याच्या. तेव्हा सहाच्या आत मुक्काम.

भरपाई म्हणून गुऱ्हाळं चालू असतात. वाटेत धुराडं दिसलं की थांबा, विचारा. ताजा गूळ मिळतो आणि माणूस मोकळा असला तर कढईतली काकवीही. ऐंशी किलोमीटरच्या दिवशी याहून चांगलं इंधन बाजारात मिळत नाही.

१५. जाताना सोपं आणि येताना जीव जातो. वारा असतो का?

असतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे गगनबावड्याला जाताना छातीवर. एप्रिल-मेमध्येही दुपारनंतर तो पश्चिमेकडूनच येतो. पहाटे शांततेत पश्चिमेला जायचं आणि दुपारी पाठीवर घेऊन यायचं. हिवाळ्यात पूर्वेचा असला तर उलटं होतं, तेव्हा परतीसाठी जीव राखून ठेवा.

१६. पंक्चर झालं तर गावात दुकान मिळतं का?

मिळतं, मोटारसायकलचं. तिथे दोन अडचणी येतात. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्यांचा पंप बसत नाही. दहा-वीस रुपयांचा पितळी अ‍ॅडॉप्टर पिशवीत ठेवा. आणि ७००च्या मापाची ट्यूब शहराबाहेर मिळेल हे धरू नका. दोन ट्यूब, लिव्हर, पंप, चेनचा जोड आणि गिअरची एक तार एवढं जवळ हवंच. बांधावरच्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत बोट फिरवून तो शोधा. नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा तोच खेळ.

१७. खाणं-पाण्याचं काय?

निघताना गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध, पोटाला झेपत असेल तर. मिसळ आणि कटवडा परतताना. चढाच्या आधी मिसळ खाल्लेली माणसं मला वाघबीळला उलटीच्या बेतात भेटलीत. खोऱ्यांतल्या मोठ्या गावांत सकाळी सातपासून चहा-भजी मिळतात. राधानगरी ते दाजीपूर, गारगोटीपुढे पाटगाव आणि मसाई पठार इथे मात्र दोन लिटर पाणी भरूनच निघा. भडंग वजनाला हलकं, खारट आणि आठवडाभर टिकणारं, त्यामुळे कॅरिअरवर त्याची एक पिशवी असावीच.

१८. मुक्काम कुठे करायचा? तंबू लावला तर?

पन्हाळा, राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा, आंबोली इथे राहायची सोय होते. डिसेंबरच्या सुट्टीत आधी फोन करा. लहान गावात देवळात किंवा शाळेत थांबायचं तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, वर जेवायलाही बोलावतात. जंगलात तंबू नाही. शेतात लावायचा तर मालकाला विचारून, आणि शेकोटी अजिबात नाही. वाळलेल्या गवताचा डोंगर पेटायला एक ठिणगी पुरते.

१९. मी पुण्या-मुंबईहून येणार. सायकल कशी आणू?

महालक्ष्मी किंवा कोयना एक्सप्रेसनं. सायकल पार्सल म्हणून ब्रेक व्हॅनमधून येते; पार्सल ऑफिसात वेळेआधी पोचा, नाव-पत्ता लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला बांधा, दिवे आणि मीटर काढून घ्या. एसटीचं चालक-वाहकावर आणि गाडीवर अवलंबून आहे. टपावर जागा असेल आणि सामानाचं तिकीट काढलं तर बऱ्याचदा जमतं. नव्या गाड्यांना टपच नसतो.

२०. बाईनं एकटीनं जाणं सुरक्षित आहे का?

एकट्या जाणाऱ्या मुली-बायका या रस्त्यांवर आहेत. खोऱ्यातले रस्ते दिवसभर वाहते असतात: दूध घालायला निघालेल्या बायका, शाळेची पोरं, एसटी. "कुठनं आलीस गं बाई, एकटीच?" हा प्रश्न दर चहाला येणार, त्यात बहुतेकदा काळजीच असते. एकटीनं टाळावं ते दाजीपूर आणि आंब्याचं निर्जन जंगल, आणि ते कारण पुरुषांनाही तितकंच लागू: पडलात तर तासभर कुणी येत नाही आणि मोबाईलला रेंज नसते. मार्ग घरी सांगून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२.

२१. मोबाईलनं जवळचा रस्ता दाखवला आणि शेतात नेऊन सोडलं. असं का होतं?

ती पाणंद असते. शेताकडे जायची गाडीवाट नकाशावर रस्त्यासारखीच दिसते. जानेवारीत पाणंदीनं जाणं सुखाचं आहे, सावली असते, गाड्या नसतात. पावसात काळी माती मडगार्डात भरून चाक फिरायचंच थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. खोऱ्यात रेंज असते, सोंडेच्या पलीकडे जाते. नकाशा आधी उतरवून घ्या आणि शंका आली की माणसाला विचारा. फक्त "किती लांब?" असं विचारू नका. उत्तर कायम "हे काय, इथंच" असं येतं.

२२. तीन-चार दिवसांची मोठी फेरी सुचवा. घाट उतरून-चढून आली तरी चालेल.

आधी घाटाशिवायची. कोल्हापूर, राधानगरी, तिथून मुदाळ तिट्टा, बिद्री आणि परत. दोन दिवसांत सावकाश होते, शंभर-एकशेवीस किलोमीटर. राधानगरी ते मुदाळ तिट्टा या तुकड्यात भोगावतीचं खोरं सोडून दुधगंगेच्या खोऱ्यात उतरायचं असतं (२ पाहा), बाकी सगळं सोपं. तिसरा दिवस हाताशी असेल तर मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटी आणि तिथून वेदगंगेच्या काठानं पाटगाव. मौनी महाराजांचा मठ, धरण, दाट झाडी आणि अस्सल मध. माझ्या मते जिल्ह्यातली सगळ्यात कमी गर्दीची आणि सगळ्यात जास्त देणारी बाजू हीच.

आणखी दक्षिणेला आजरा आणि पुढे आंबोली. आजऱ्यात घनसाळ तांदळाचा भात खाल्ल्याशिवाय निघू नका.

घाटाची फेरी: गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, फोंडा, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. तीन दिवस कमीत कमी, चार बरे. याच दिशेनं करा, कारण फोंड्याचा चढ पहाटे सावलीत करता येतो आणि चढून आल्यावर दाजीपूरचं जंगल समोर असतं. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. थोडा दाबा, सोडा, दर काही वळणांनी थांबून हात झटका. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता आणि पावसात दरडी येतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी गगनबावड्यात फोन करून खात्री करा. कोकणात उतरल्यावर दमटपणानं पाणी दुप्पट लागतं.

२३. मेअखेर काजवे बघायला राधानगरीला सायकलनं यायचंय. पण तुम्हीच म्हणता अंधारात चालवू नका. मग?

दिवसा सायकलनं या, उजेडात मुक्कामी पोचा, सायकल कुलूप लावून ठेवा आणि रात्री स्थानिक वाटाड्याबरोबर गाडीनं किंवा पायी जा. काजव्यांचा उजेड जोडीदारासाठी असतो. हेडलाइटच्या झोतात त्यांचं लुकलुकणं थांबतं, आणि हल्लीचे सायकलचे दिवे मोटारीच्या वरताण आहेत. टॉर्च लागलीच तर लाल कागद लावून, जमिनीकडे धरून. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हाच काळ. पहिला मोठा पाऊस झाला की काजवे संपतात आणि परतीच्या रस्त्यासाठी १२ वाचावा लागतो.